दिवाळीच्या सुट्टीतलं विणकाम : क्रोशा की दोन सुया?

दिवाळीच्या सुट्टीत कानटोपी, मोजे, मफलर असं काहीतरी छोटं विणायचं ठरवलं असेल, तर नमुना शोधण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. क्रोशाची एक सुई घ्यायची की लोकरीच्या दोन सुया? मी दोन्ही विणते आणि दोन्हींवर माझं सारखंच प्रेम आहे. पण भरल्या घरात, फराळाच्या गडबडीत आणि पाहुण्यांच्या ये-जेत विणायचं असेल, तर माझ्या मते सगळ्यात आधी एकच पाहावं : हातातलं काम मध्येच टाकून उठावं लागलं तर त्याचं काय होतं?

क्रोशात कुठल्याही क्षणी एकच टाका उघडा असतो. तो जरा लांब ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवली की काम टाकून खुशाल उठा. चकली तळून या, दार उघडून या, किल्ल्यासाठी माती चाळून द्या. कुणी धागा ओढलाच तर दोनचार खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, उसवतील, आणि ते पुन्हा घालायला कितीसा वेळ लागतो? दोन सुयांवर मात्र ओळीतले सगळेच टाके उघडे असतात. मोठ्या माणसाच्या टोपीचे शंभरावर टाके सुईवर असताना लहान मुलाने ती सुई उपसली, तर टाके खाली निसटत जातात आणि शिडीसारखी मोकळी रेघ पडते. दोन सुयांवर विणायचंच असेल तर चालू ओळ पूर्ण केल्याशिवाय उठू नका आणि उठताना सुयांच्या टोकांना रबरबँड गुंडाळा. ओळीच्या मधेच काम ठेवलं की पुन्हा बसल्यावर कुठल्या बाजूने निघालो होतो हेच नव्या माणसाला उमगत नाही. आणखी एक : विणकाम दोन सुयांचं असलं तरी पिशवीत क्रोशाची एक सुई हवीच. निसटलेला टाका ओळी-ओळीने वर उचलून आणायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

मग सरळ क्रोशाच घ्यावा का? वस्तू कोणती, त्यावर ते अवलंबून आहे.

कानटोपीला ताण लागतो. कपाळावर आणि कानांवर ती घट्ट बसली पाहिजे आणि काढल्यावर पुन्हा आकसली पाहिजे. एक टाका सुलट, एक उलट अशी दोन सुयांवरची बॉर्डर हे काम जितकं छान करते तितकं क्रोशाला जमत नाही. क्रोशाची टोपी दिसायला देखणी होते, पण थोडे दिवस वापरली की सैल पडून डोळ्यांवर उतरते. मुक्या खांबांची (क्रोशाच्या बुटक्या टाक्यांची) आडवी पट्टी विणून ती काठाला लावता येते आणि तिला बऱ्यापैकी ताण येतो, तरी दोन सुयांची सर नाही. माप साधं आहे. डोक्याचा घेर ५५ सेंमी असेल तर टोपी ५० सेंमीची ठेवा. आधी त्याच लोकरीचा छोटा तुकडा विणून १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा. २२ बसत असतील तर ११० टाके घाला. हा तुकडा विणायचा कंटाळा करू नका, कारण मफलर बोटभर जास्त रुंद झाला तर चालतो, टोपी चालत नाही.

तान्ह्या बाळाच्या मोज्यांसाठीही माझं मत दोन सुयांनाच. खांबांची वीण जाड आणि गाठाळ होते, बाळ पाय टेकवू लागलं की ती तळव्याला रुतते. दोन सुयांवर मोजा सपाट विणून मागून शिवून टाकता येतो, त्यासाठी गोल विणायच्या चार सुयांची खटपट करावी लागत नाही. वीण जाळीची नको, बाळाची इवली बोटं भोकांत अडकतात. आतल्या बाजूला लोंबते धागेही राहू देऊ नका. ते बोटाला गुंडाळले जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक टोक सुईने आत ओवून पक्कं करा.

मफलर दोन्हींवर चांगला होतो. इथे कौल तुमच्या वेळेवर. खांब उंच असल्यामुळे क्रोशाचा मफलर भराभर वाढतो, पण तेवढ्याच आकाराला लोकर जास्त लागते. पाव हिस्सा जास्तीची धरूनच चाला. दोन सुयांवर विणणार असाल तर सगळ्या ओळी सुलट विणा. एक ओळ सुलट, एक उलट अशी गुळगुळीत वीण मोहात पाडते, पण तिचे काठ आत वळतात आणि मफलरची नळी होते. सगळ्या ओळी सुलट असल्या की काठ सरळ राहतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

तोरण, ताम्हनाखालचा रुमाल, दुधाच्या भांड्यावरची मणी लावलेली जाळी यांत तुलनेचा प्रश्नच येत नाही. ते क्रोशाचंच राज्य, तेही सुती दोऱ्यात. पहिल्यांदाच हातात सुई घेत असाल तर सुरुवातही इथूनच करा. साखळी आणि खांब एवढं आलं की छोटा गोल रुमाल सुट्टीत नक्की पूर्ण होतो. सुट्टीत घरी असलेल्या मुलांनाही साखळी चटकन येते, सुईशिवाय नुसत्या बोटांवरही घालता येते. भाऊबीजेला भावाच्या मनगटावर बहिणीने स्वतः घातलेली साखळी बांधली, तर मला त्या घराचं फार कौतुक वाटेल.

प्रवासात क्रोशा सोयीचा. त्याची सुई पर्समध्ये मावते. लांब सुयांची टोकं एसटीत शेजारच्याला लागतात.

लोकरीबद्दल मात्र नीट बोललं पाहिजे, कारण दिवाळी दिव्यांची आणि फटाक्यांची. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. ती स्वस्त, रंगीत, धुवायला सोपी, पण ठिणगी पडली तर पेट घेते आणि वितळून अंगाला चिकटते. खरी मेंढीची लोकर सहजी पेटत नाही, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. सुती दोरा वितळत नाही, पण पटकन पेटतो. म्हणून अभ्यंगस्नानानंतर पहाटे फटाके उडवायला जाणाऱ्या पोराच्या गळ्यात गोंडे लोंबणारा मफलर नकोच, तो क्रोशाचा असो की दोन सुयांचा. अंगाला बेताची बसणारी टोपी चालेल, आणि तीही फटाके उडवताना काढून ठेवलेली बरी. एरवी रोज धुवाव्या लागणाऱ्या बाळाच्या कपड्यांना अ‍ॅक्रिलिकच व्यवहार्य. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि घट्ट होते. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर सुतीच बरी, तिथे लोकरीची टोपी कपाटातच राहील. नाशिक-निफाडकडे मात्र जाड लोकरीचं चीज होतं.

दोन सुयांच्या विणकामासाठी सुया निवडताना हे लक्षात ठेवा की आपल्याकडच्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिमीची, १० नंबरची ३.२५ मिमीची. नवशिक्याने ८ नंबर घ्यावा, काम लवकर दिसतं आणि हुरूप राहतो.

आता वेळेचा हिशोब. कोजागिरीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम पंधरवडा मिळतो आणि त्यातले शेवटचे दिवस साफसफाई आणि फराळ खाऊन टाकतात. दोन सुयांची टोपी करायची असेल तर कोजागिरीच्या सुमारास टाके घाला आणि बॉर्डर त्याच आठवड्यात संपवा, कारण मोजणी चुकते ती तिथेच. वरचा साधा भाग गप्पा मारतानाही होतो. ऐन चार दिवसांत ती टोपी उंच कपाटात ठेवून द्या आणि हाताशी क्रोशाचा रुमाल घ्या. विणायला बसताना हातांचं तेल साबणाने काढा, चकलीचे डाग फिक्या लोकरीवर बसले की जाता जात नाहीत. भाऊबीज झाल्यावर टोपी पुन्हा खाली काढा. घरात पहाटे काकड्याला जाणारी आजी असेल किंवा कार्तिकीला पंढरपूरला निघणारे आजोबा असतील, तर भाऊबीजेपासून एकादशीपर्यंतचे आठ-नऊ दिवस वरची घट घेऊन (टाके कमी करत नेऊन) टाके बंद करायला पुरतात.