मोरचूद नेणाऱ्यांचा बाकीचा माल किती? क्लिक सेन्समधल्या पी आणि ई बद्दल

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ शेती औषधांची होलसेल पेढी आहे, तिथे मी हिशेब आणि रिपोर्ट बघते. आमचे दुकानदार तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचे, म्हणजे सगळा धंदा द्राक्षावर. क्लिक सेन्स (Qlik Sense) हे आकडे चाळून रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर वापरायला लागून तीन हंगाम झाले. त्यातल्या सेट अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे कुठल्या नोंदी धरायच्या (त्यांचा सेट) ते फॉर्म्युल्यातच सांगायच्या सोयीत, पी (P) आणि ई (E) अशी दोन फंक्शन्स आहेत. त्यांनी फिल्टर आडून लावता येतो. मला हे सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त याच कारणासाठी आवडतं.

छाटणीच्या तोंडावर आमच्या पेढीवरच्या आण्णांनी विचारलं, "ज्यांनी आपल्याकडनं मोरचूद नेला, ते बाकीची औषधं पण आपलीच नेतात का दुसरीकडनं?" मी मालाच्या फिल्टरमध्ये मोरचूद (कॉपर सल्फेट) निवडला. आकडा आला, पण नुसत्या मोरचूदाचा. बाकीची बुरशीनाशकं, संजीवकं सगळी बाहेर. आण्णांना मोरचूदाची विक्री नको होती, मोरचूद नेणाऱ्या माणसांची सगळी खरेदी हवी होती. अट मालावर, पण निवडायचे दुकानदार. असा प्रश्न आला की पी काढायचा.

क्लिकचे रंग डोळ्यांसमोर आणले की लगेच कळतं. निवडलेलं हिरवं, जुळणारं पांढरं, बाद झालेलं करडं. मोरचूद हिरवा केला की दुकानदारांच्या यादीत जी नावं पांढरी राहतात तीच पी देतो, आणि करडी पडतात ती ई. फॉर्म्युल्यात दुकानदार या फिल्डपुढे (रकान्यापुढे) पी लिहायचा, त्याच्या आत मालाची अट घालायची. बाहेर मात्र माल हे फिल्ड मोकळं सोडायचं, नाहीतर कोणी स्क्रीनवर माल निवडला की बेरीज पुन्हा तेवढ्यावरच येते. मोरचूद एकेरी अवतरणात लिहायचा, म्हणजे नेमकं तेच नाव धरलं जातं. दुहेरीत लिहिलं तर तो शोध होतो.

ई ने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं, आणि चूक माझीच होती. मोरचूद न नेलेल्यांची यादी काढून मी फिरतीवरच्या पोरांना दिली. पहिल्याच फोनला तासगावचे दुकानदार म्हणाले, "अहो, गेल्याच महिन्यात वीस पोती नेलीत की!" स्क्रीनवर महिना ऑक्टोबर निवडलेला होता. ई च्या कंसातल्या, म्हणजे आतल्या सेटला वेगळं काही सांगितलं नाही तर तो चालू निवड जशीच्या तशी उचलतो. म्हणजे ऑक्टोबरात मोरचूद न नेलेले सगळे ई मध्ये आले, सप्टेंबरात नेणारेसुद्धा. आतल्या सेटमध्ये महिना मोकळा सोडला आणि यादी बरोबर आली. सगळ्याच निवडी बाजूला ठेवायच्या असतील तर आत एकचा आकडा टाकायचा, मग सगळा डेटा धरला जातो. ई लिहिताना स्क्रीनवर काय निवडलेलं असू शकतं ते आधी कागदावर लिहून काढा. पी मध्ये चूक झाली तर आकडा कमी दिसतो आणि शंका येते. ई मध्ये यादी उलट फुगते आणि खरी वाटते.

नुसती मोरचूदाची विक्री हवी असेल तर साधा फिल्टर पुरे, उगाच पी लावू नये. आणि एका ठिकाणी याचा उपयोगच नाही. आण्णांचा पुढचा प्रश्न होता की प्रत्येक दुकानदाराने पहिल्यांदा मोरचूद नेल्यानंतर किती माल उचलला. इथे प्रत्येकाची तारीख वेगळी. सेट मात्र चार्ट काढायच्या आधी एकदाच ठरतो, ओळीओळीला बदलत नाही. वेगही त्यामुळेच मिळतो. बेरजेच्या आत इफ (IF, म्हणजे 'जर') अशी अट लिहिली तर प्रत्येक नोंद तपासली जाते आणि मोठ्या डेटावर वाट बघावी लागते. तारखेचं काम मी शेवटी लोड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे डेटा आत घेतानाच, केलं. प्रत्येक बिलाच्या ओळीवर शून्य किंवा एक अशी खूण टाकली आणि चार्टात ती खूणच फिल्टर केली.

शिकायला मला दोन आठवडे लागले, त्यातला निम्मा वेळ कंस जुळवण्यात गेला. फिल्डच्या इंग्रजी नावात लहान-मोठं अक्षर चुकलं तरी चालत नाही. पण ज्यांचे प्रश्न "ज्यांनी हे नेलं त्यांनी ते नेलं का" अशा जातीचे आहेत, त्या होलसेलवाल्यांनी हे शिकावंच. आता दर सोमवारी सकाळी ई ची यादी निघते, महिना मोकळा सोडून, आणि पोरं ती घेऊनच गाडी काढतात.