दिनविशेषाच्या फळ्यासाठी काय वापरावं: विकिपीडिया, विश्वकोश, पंचांग की ॲप?

वाचनालयाच्या दारातला फळा असो, शाळेचा परिपाठ असो की सोसायटीचा ग्रुप, 'आज कोणाची जयंती' हे रोज सकाळी कोणीतरी लिहितंच. त्यासाठी जी साधनं वापरली जातात त्यांचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकतो. नावं मराठी विकिपीडियावरून काढा, तारीख मराठी विश्वकोशात पडताळा, तिथी छापील पंचांगात बघा. मोबाईलवरची दिनविशेषाची ॲप्स काढून टाकली तरी काही अडत नाही. यातलं एकही साधन एकट्याने पुरत नाही, कारण प्रत्येकाची चुकण्याची रीत वेगळी आहे.

मराठी विकिपीडियाची मोठी सोय म्हणजे वर्षातल्या प्रत्येक तारखेला स्वतंत्र पान आहे, २९ फेब्रुवारी धरून ३६६. पान उघडलं की घटना, जन्म, मृत्यू आणि त्या दिवशी पाळले जाणारे दिवस असे भाग मिळतात, आणि नावं सालवार लावलेली असतात. १३ ऑगस्ट काढा: १८९० साली बालकवी, १८९८ साली आचार्य अत्रे. २५ जुलैला १९१९ साली सुधीर फडके, १९२२ साली वसंत बापट. १ ऑगस्ट १९२० तर असा दिवस की त्याच तारखेला टिळक गेले आणि अण्णा भाऊ साठे जन्मले. अशा जोड्या एका नजरेत सापडतात, हे काम दुसरं कुठलंही साधन इतक्या झटपट करत नाही. फुकट आहे, जाहिराती नाहीत, साध्या फोनवरही पान पटकन उघडतं.

अडचण अशी की तारखांच्या पानावर नुसती यादी असते. नावापुढे संदर्भ क्वचितच दिसतो, आणि यादीत नाव घालायला कोणालाही मोकळीक आहे. त्यामुळे तारखेच्या पानावर एक तारीख आणि त्याच व्यक्तीच्या चरित्राच्या पानावर दुसरी, असं होऊ शकतं. पडताळायची युक्ती सोपी आहे. व्यक्तीचं पान उघडा आणि साधनपेटीतल्या 'येथे काय जोडले आहे' वर टिचकी द्या. त्या व्यक्तीकडे दुवा देणारी सगळी पानं दिसतात. त्यात जन्माच्या म्हणून दोन वेगवेगळ्या तारखांची पानं दिसली तर तिथेच थांबायचं. वि. स. खांडेकरांची जन्मतारीख ११ जानेवारी १८९८ अशीही छापली जाते आणि १९ जानेवारी अशीही. केशवसुतांच्या बाबतीत १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा फिरतात. दोघांच्याही मृत्यूच्या तारखांवर वाद नाही: खांडेकर २ सप्टेंबर १९७६, केशवसुत ७ नोव्हेंबर १९०५. जन्माची तारीख संशयाची असेल तर फळ्यावर स्मृतिदिन घ्यावा, हा माझ्या मते सगळ्यात बिनधोक मार्ग. विकिपीडियाच्या पानाचा 'इतिहास'ही बघावा. तारीख गेल्या आठवड्यात बदललेली असेल आणि बदलणाऱ्याने कारण दिलेलं नसेल, तर आधीची तारीखही वहीत टिपून ठेवा.

मराठी विश्वकोशाचं काम उलट आहे. तिथे 'आज कोण' असं विचारता येत नाही. पण व्यक्ती ठाऊक असली की नोंदीच्या पहिल्याच ओळीत कंसात जन्म आणि मृत्यू मिळतात, नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, बऱ्याच नोंदींना संदर्भग्रंथ असतात. जबाबदारी घेणारं माणूस समोर आहे, म्हणून वजन जास्त. शोध घेताना मात्र आडनाव आधी लिहावं लागतं. 'विष्णु वामन शिरवाडकर' असं सलग टाकून हाती काही लागलं नाही तर 'शिरवाडकर' किंवा 'कुसुमाग्रज' एवढंच टाका. ऱ्हस्व-दीर्घानेही शोध फसतो. 'विष्णु' आणि 'विष्णू', 'दिनानाथ' आणि 'दीनानाथ' दोन्ही करून बघावेत. आणखी एक लक्षात ठेवायचं: पहिला खंड १९७६ सालचा आहे. खंड छापून झाल्यावर गेलेल्या व्यक्तींच्या नोंदीत मृत्यूची जागा कोरी असू शकते. कोरी जागा पाहून माणूस हयात आहे असं समजू नये. ज्ञानमंडळांच्या (विश्वकोशाच्या विषयवार तज्ज्ञगटांच्या) नव्या नोंदी वेगळ्या संकेतस्थळावर आहेत आणि त्यात समीक्षकाचंही नाव दिलेलं असतं. दोन्हीकडे नोंद असेल तर नवी आधी वाचा.

आता तिथी. संतांच्या बाबतीत इंग्रजी तारीख फळ्यावर लिहिणं म्हणजे अर्धं काम. ज्ञानेश्वरांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीया, दासनवमी माघ वद्य नवमी. हे दिवस दरवर्षी तारीख बदलतात आणि लोक तिथीनेच पाळतात. कालिदासाची जन्मतारीख उपलब्धच नाही, म्हणून कालिदास दिन आषाढ शुद्ध प्रतिपदेला. २०२५ मध्ये तो २६ जूनला आला, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे जुलैच्या मध्यावर जातो. गेल्या वर्षीच्या फळ्याचा फोटो बघून यंदाचा लिहिणारे नेमके इथे अडकतात.

छापील पंचांग या कामाला उत्तम. दाते घ्या की दुसरं कुठलं, फार फरक पडत नाही. महत्त्वाचं हे की एकच पंचांग वर्षभर वापरा. तिथीचा क्षय (तिथी गळणे) किंवा वृद्धी (तीच तिथी दोन दिवस येणे) झाली की दोन दिनदर्शिकांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. एक सूर्योदयाची तिथी धरतं, दुसरं अपराह्णाची म्हणजे दुपारनंतरची, आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात. संस्थानाचा किंवा देवस्थानाचा उत्सव असेल तर त्यांच्या निमंत्रणपत्रिकेतला दिवस अंतिम मानायचा. हिंदी संकेतस्थळांवरून तिथी मात्र उचलू नये. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपला फाल्गुन वद्य पक्ष तिथे चैत्र कृष्ण होतो आणि तुकाराम बीज पुढच्या महिन्यात गेल्यासारखी दिसते. दिवस तोच असतो, महिन्याचं नाव तेवढं बदलतं.

शकाचं इसवी सन करतानाही नेहमीची चूक ठरलेली. गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९. ज्ञानेश्वरांची समाधी शके १२१८, कार्तिक, म्हणजे १२९६. तुकोबांचं वैकुंठगमन शके १५७१, फाल्गुन, म्हणजे १६५०. रामदासस्वामींचं निर्वाण शके १६०३ च्या माघात, तेव्हा साल १६८२ येतं. तरी '१६८१' सर्रास छापलेलं दिसतं, कारण सरसकट ७८ मिळवले जातात. माघ आणि फाल्गुन आले की पेन थांबवून पुन्हा बेरीज करावी.

तारीख आणि तिथी दोन्ही दिलेल्या असतील तर त्या एकमेकींशी जुळतात का हे बघणं ही सगळ्यात चांगली तपासणी, आणि त्याला पंचांगाचीही गरज लागत नाही. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जन्म असोदे येथे, नागपंचमी, २४ ऑगस्ट १८८०, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आहे. ११ जानेवारी १८८० ला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं, म्हणजे ती अमावास्या नक्की. दोन अमावास्यांत सरासरी साडेएकोणतीस दिवस, सात महिन्यांचे सुमारे २०७. त्या वर्षी फेब्रुवारी २९ दिवसांचा होता. हिशेब ऑगस्टच्या ५-६ तारखेला येतो. मग शुद्ध पंचमी १० ऑगस्टच्या आसपास पडते, आणि २४ ऑगस्ट हा वद्य चतुर्थी-पंचमीचा दिवस ठरतो. आपली नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीची, तेव्हा या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. गुजरातेत नागपंचमी श्रावण वद्य पंचमीला पाळतात, तिथे हिशेब जवळजवळ बसतो, आणि खानदेश गुजरातला लागून आहे. पण हा तर्क झाला. फळ्यावर तर्क लिहायचा नसतो. २४ ऑगस्टला जयंती लिहावी, कारण ती तारीख रूढ आहे. 'नागपंचमीला जन्म' हे वाक्य त्याच ओळीत जोडू नये, एवढंच.

दिनविशेषाच्या ॲप्सविषयी थोडक्यात. त्यांची माहिती बहुतेक विकिपीडिया, विकिडेटा (विकिपीडियाच्या जोडीचा, यंत्राला वाचता येणारा माहितीसाठा) किंवा एकमेकांकडून उचललेली असते, आणि स्रोत कुठेच दिलेला नसतो. विकिडेटावर ज्याचं फक्त जन्मसाल ठाऊक आहे अशा माणसाची तारीख यंत्राने काढली की १ जानेवारी अशी बाहेर येते. तिथे 'अचूकता: वर्ष' असं वेगळं नोंदलेलं असतं, पण ॲप बनवणारा ते वाचत नाही. म्हणून १ जानेवारीला जन्मलेल्या मध्ययुगीन कवींची रांग लागलेली दिसली तर ती जशीच्या तशी सोडून द्यावी. आपल्याकडे याला १ जूनची जोड आहे: शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. गेल्या शतकातल्या लेखक-कलावंतांच्या नावापुढे १ जून दिसला की घरच्यांच्या आठवणी किंवा चरित्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ॲप्सची दुसरी खोड जास्त लाजिरवाणी. हयात व्यक्तीच्या वाढदिवसाला 'जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन' असं तयार चित्र येतं आणि सकाळी सातला ते पाचशे जणांकडे पोचलेलं असतं. तिसरी म्हणजे दिवसांची सरमिसळ. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे रोजी असतो. ६ जानेवारी पत्रकार दिन, कारण 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा. बाळशास्त्री जांभेकरांची जन्मतारीख मात्र कुठे ६ जानेवारी १८१२ तर कुठे २० फेब्रुवारी १८१२ अशी दिलेली आढळते, तेव्हा ६ जानेवारीच्या फळ्यावर 'दर्पण' लिहावं, जयंती लिहू नये. ५ नोव्हेंबरला अशी भानगड नाही: १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' झालं, तोच मराठी रंगभूमी दिन.

परदेशी लेखकांसाठी विकिडेटा उलट फार उपयोगाचा आहे, कारण तिथे तारीख जुन्या (ज्युलियन) दिनदर्शिकेतली की नव्या (ग्रेगोरियन), हे नोंदलेलं असतं. टॉलस्टॉयचा जन्म जुन्या पद्धतीने २८ ऑगस्ट १८२८, नव्या पद्धतीने ९ सप्टेंबर. एकोणिसाव्या शतकात हा फरक १२ दिवसांचा, विसाव्यात १३ चा. रशियाने १९१८ मध्ये दिनदर्शिका बदलली. आणि २३ एप्रिलच्या पुस्तक दिनाला 'शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले' हे वाक्य दरवर्षी लिहिलं जातं, ते चूक आहे. १६१६ मध्ये इंग्लंड जुन्या दिनदर्शिकेवर होतं, स्पेन नव्या. शेक्सपिअरचा २३ एप्रिल स्पेनच्या हिशेबाने ३ मे होतो, आणि सर्व्हांतेसचा मृत्यू बहुतेक अभ्यासक २२ एप्रिलला धरतात.

शताब्दीचा हिशेब कुठलंच साधन नीट करून देत नाही, तो स्वतःच करावा. पहिली जयंती जन्मानंतर एका वर्षाने येते, म्हणून शंभरावी जयंती म्हणजे जन्मसाल अधिक १००. पुलंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९, तेव्हा शंभरावी जयंती ८ नोव्हेंबर २०१९ ला. जन्मशताब्दी वर्ष मात्र बहुधा एक वर्ष आधी सुरू करून त्या दिवशी सांगता करतात, आणि काही संस्था त्या दिवशी सुरू करतात. पत्रिकेवर 'जन्मशताब्दी वर्ष २०१८-१९' असं दोन्ही सालं घालून लिहिलं की वाद उरत नाही. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांचं, उदाहरणार्थ १९०४ च्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं, नाव साध्या वर्षी २८ फेब्रुवारीला घ्यावं की १ मार्चला, ते एकदा ठरवून वहीत लिहून ठेवा.

वही हवीच. लांब पानांची, तारखेला एक पान, चार रकाने: नाव, जन्म की मृत्यू आणि साल, कुठून घेतलं, शंका. तिथीचे दिवस मागच्या पानांवर वेगळे, कारण ते दर पाडव्याला नव्याने लावावे लागतात. शासकीय कार्यालय किंवा अनुदानित ग्रंथालय असेल तर सामान्य प्रशासन विभागाचं जयंतीचं वार्षिक परिपत्रक वहीत चिकटवून टाका. त्यात लेखक-कलावंत थोडेच असतात, पण कोणते दिवस कार्यालयात साजरे करायचेच आहेत ते तिथून कळतं. फळ्यावर रोज तीनपेक्षा जास्त नावं नकोत. चौथं नाव आलं की अक्षर बारीक होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच वाचता येत नाही.