रिकाम्या मातीच्या घरट्यांचे २३,०५० रुपये: गांधीलमाश्यांच्या नावाखाली झालेली फसवणूक

गांधीलमाश्यांचा बंदोबस्त करून देतो असे सांगून दोन माणसांनी माझ्याकडून २३,०५० रुपये उकळले आणि खऱ्या माश्या जिथल्या तिथे ठेवून ते निघून गेले. ही गोष्ट चारचौघांत सांगताना आजही मान खाली जाते. पण ऐन सणाच्या तोंडावर हेच लोक आणखी कोणाच्या दारात उभे राहणार, याची खात्री असल्यामुळे मी गप्प बसणार नाही.

तालुक्याच्या गावात आमचे घर आहे आणि तळमजल्यावर माझा घरगुती फराळाचा व्यवसाय चालतो. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होत्या. शंकरपाळ्यांसाठी साखरेचा पाक ठेवला की गांधीलमाश्या खिडकीतून आत येत होत्या, आणि आदल्याच दिवशी कामाला येणाऱ्या मावशींच्या बोटाला एक माशी डसून त्यांचा हात मनगटापर्यंत सुजला होता. मधमाशीची नांगी आपल्या कातडीत अडकून राहते, गांधीलमाशीची तशी राहत नाही. म्हणून ती एकटीच पुन्हा पुन्हा डसू शकते. अशा वेळी घाई केली म्हणून मला दोष देणाऱ्यांनी आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचा असा सुजलेला हात पाहावा. मी इंटरनेटवर सर्वांत वर दिसलेल्या क्रमांकावर फोन केला. नामांकित कंपनीसारखे नाव, तसाच लोगो, गोड बोलणारी मुलगी. मोठ्या कंपनीशी मिळतेजुळते नाव लावून गिऱ्हाईक ओढण्याचा हा प्रकार. फोनवर सांगितलेला दर ‘सगळे मिळून १,२०० रुपये’ एवढाच होता.

ते आले, घराभोवती फिरले आणि १९ घरटी मोजून दाखवली. प्रत्येकी ८५० रुपये, म्हणजे १६,१५०, ‘खास औषधा’चे २,४००, भेटीचे ५००, आणि वर्षभराच्या कराराचा आगाऊ हप्ता ४,०००. १,२०० रुपये ठरले होते असे मी म्हटले, तेव्हा त्यांतला एक जण म्हणाला, “ताई, तो एका घरट्याचा दर होता, तुम्हाला कमीच लावलाय. ह्या आग्या माश्या आहेत, माणूस दगावतो.” डंखाची ॲलर्जी असलेला माणूस दगावू शकतो, हे खरे आहे. भीती खरी होती म्हणूनच खोटे खपले.

आता तो क्षण, जो आठवला की माझा अजून संताप होतो. खिडकीच्या जाळीमागे चिकटलेले मातीचे घरटे त्याने स्क्रूड्रायव्हरने उचकटले आणि उघड्या हाताने फोडले. फोटो काढण्यापुरता घातलेला पांढरा पोशाख आणि हातमोजे त्याने केव्हाच काढून ठेवले होते. आतून एकही माशी उडाली नाही. त्याच्या तळव्यावर सात-आठ लहान कोळी पडले, लुळे, पण त्यांतल्या एकाचा पाय अजून हलत होता. “पाहा, औषधाचा परिणाम,” असे तो म्हणाला. त्या खिडकीवर तोपर्यंत फवारणी झालीच नव्हती! पंप अजून अंगणात होता, हे मला दिसत होते. जीवघेण्या म्हणून ज्या घरट्याचे ८५० रुपये घ्यायचे, ते घरटे हा माणूस उघड्या हाताने कसा फोडतो, हा प्रश्न तिथेच विचारायला हवा होता. पण कढईत तेल तापलेले होते, दारात गिऱ्हाईक उभे होते, आणि ज्याला आपण जाणकार म्हणून बोलावतो त्याची उलटतपासणी घेण्याची आपल्याला सवय नसते.

ते घरटे कुंभारीण माशीचे होते, हे नंतर शेजारच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी तुकडे पाहताच सांगितले. ही माशी एकटी राहते. ती ओल्या मातीचे घरटे बांधते, कोळ्यांना डंख मारून लुळे करते, त्यांना आत कोंबून त्यावर अंडे घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. अंड्यातून निघालेली अळी तेच ताजे भक्ष्य खाते. घरटे राखायला ती थांबत नाही, त्यामुळे अंगावर धावून येण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. कोरड्या, जुन्या घरट्याला गोल भोके दिसली, तर आतल्या माश्या उडून गेलेल्या असतात आणि झाडूनेही ते पाडता येते. मोजलेल्या १९ पैकी १७ घरटी अशी मातीची होती, बहुतेक रिकामी.

खरी पोळी दोनच होती. गांधीलमाशी लाकडाचे तंतू चावून लाळेत कालवते आणि करड्या कागदासारखे पोळे बांधते. बारीक देठाला उलट्या छत्रीसारखे लटकलेले, खालून उघडी षट्कोनी घरे दिसणारे. एक सज्जाखाली होते, दुसरे पाण्याच्या टाकीखाली. सज्जाखालच्या पोळ्यावर त्यांनी भर दुपारी फवारा मारला, जेव्हा निम्म्या माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात. परत आलेल्या माश्या दोन दिवस तिथेच घोंगावत राहिल्या आणि त्यांनी त्याच सज्जाला नवे पोळे सुरू केले. जाणकार हे काम अंधार पडल्यावर करतो, जेव्हा सगळ्या माश्या पोळ्यावर असतात. टाकीखाली तर ते गेलेच नाहीत, मात्र त्याचेही ८५० रुपये त्यांनी लावले.

११,५२५ रुपये मी यूपीआयने आणि तेवढेच रोख दिले. १८ टक्के जीएसटी माफ केल्याचा उपकारही त्यांनी ऐकवला. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, परवाना क्रमांक नव्हता, पत्ता नव्हता. औषधाची बाटली मागितली तर ‘नैसर्गिक अर्क’ म्हणून टाळले. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा चौकोन छापलेला असतो. तो न दाखवणाऱ्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देऊ नका. काय फवारले ते कळले नाही, म्हणून ३,२०० रुपयांचा तयार फराळ मी टाकून दिला. तो कोणाच्या मुलाबाळांच्या पोटात जाऊ देणे मला शक्य नव्हते.

त्यानंतर पोलीस ठाण्यात जे घडले त्याचा मनस्ताप पैसे गेल्यापेक्षा मोठा आहे. “काम तर केलंय ना? पटलं नाही तर ही दिवाणी बाब आहे,” असे सांगून अर्ज बाजूला सरकवला गेला. खोटे बोलून पैसे काढून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, हे मी एका टेबलावर सांगितले, मग दुसऱ्या, मग साहेब येईपर्यंत बाकावर बसून राहिले. साहेबांनी विचारले, “एवढे पैसे दिलेच कशाला?” फसवणाऱ्याचा फोन क्रमांक, यूपीआयचा व्यवहार आणि दोघांचे फोटो हातात असताना प्रश्न मलाच! पैसे कोणाच्या खात्यात गेले ते बँकेला विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही. त्या दोघांकडे परवाना आहे का, हे विचारायला कृषी कार्यालयात गेले, तर “त्यांचा पत्ता आणा, मग पाहू” असे उत्तर मिळाले. पत्ता मला माहीत असता, तर मी या कार्यालयात कशाला गेले असते? धंदा म्हणून पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला १९७१च्या कीटकनाशके नियमांनुसार परवाना लागतो आणि तो तपासणे ज्यांचे काम आहे, तेच नागरिकाला शोध घ्यायला पाठवतात. नगरपालिकेत सांगण्यात आले की माश्या खासगी जागेत आहेत.

पोलिसांनी गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी तेच केले आहे आणि पोचपावती जपून ठेवली आहे. पैसे यूपीआयने गेले असतील, तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, उद्यावर ढकलू नका. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. घरट्यामागे दर सांगणाऱ्याकडून आधी प्रत्येक घरट्याचा फोटो आणि त्यावर माशी दाखवून घ्या. दर लेखी आल्याशिवाय फाटक उघडू नका. डंखानंतर श्वास लागला, ओठ किंवा घसा सुजला, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

माझ्या पावतीवर वर हिरव्या पानाचे चित्र, खाली ‘आजीवन हमी’ असे शब्द आणि शाईने खोडून वाढवलेला आकडा आहे. अशीच पावती ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती फाडून टाकू नये आणि मला तिची प्रत द्यावी. अधीक्षकांकडे पाठवायच्या पुढच्या अर्जाला मी ती जोडणार आहे.