पॅरिसची लाल माती आणि टपरीवरची ‘आयडी’

मेअखेरीस सोलापुरात पारा चाळिशीपार असतो, तेव्हा पॅरिसमध्ये लाल मातीवरची फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धा सुरू होते. तिथले सकाळचे अकरा म्हणजे आपले दुपारचे अडीच, रात्रीचा सामना आपल्याकडे पावणेबाराला. पुरुष एकेरीत १२८ खेळाडू, पहिल्याच फेरीत ६४ सामने. सट्टेवाल्याला आणखी काय हवं?

सुरुवात ओळखीतून होते. अशोक चौकातल्या टपरीवर चहा पिणारा एखादा पोरगा सांगतो, ‘पाचशेत आयडी देतो, वर पाचशे बोनस.’ आयडी म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं खातं. प्रत्येक नव्या आयडीमागे त्याला कमिशन असतं, हे तो सांगत नाही. पहिले पाचशे लावले, नऊशे झाले, दहा मिनिटांत खात्यात आले. हे गळाला लावलेलं गांडूळ.

मग भिशीचा नंबर लागलेले वीस हजार त्यात जातात. आठवडाभरात स्क्रीनवर ८६,४०० दिसतात. हे पैसे नव्हेत, नुसता आकडा आहे, आणि तो साइट चालवणारा माणूस बटण दाबून वाढवतो. विड्रॉल टाकलं की ‘पेंडिंग’. दुसऱ्या दिवशी निरोप येतो: ३० टक्के टीडीएस, म्हणजे २५,९२०, आधी भरा. इथेच पाय रोवून थांबायचं. टीडीएस हा मुळात देणाऱ्याने रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर. घेणाऱ्याकडून तो आधी यूपीआयने मागणं, तेही कुणाच्या खासगी खात्यावर, म्हणजे उघड लूट. तो भरलाच, तर पुढे ‘खाते पडताळणीची अनामत’, मग ‘लवकर पेमेंटची फी’. उचल घेऊन, बायकोची बोरमाळ गहाण ठेवून माणूस भरत राहतो, कारण ८६,४०० अजून समोर दिसत असतात.

क्यूआर कोड नीट बघा. दर वेळी नाव वेगळं: कधी किराणा दुकान, कधी परराज्यातली कुणी बाई. ही भाड्याने घेतलेली खाती. तुम्हाला आलेले ते नऊशेसुद्धा अशाच खात्यातून, दुसऱ्या कुणाच्या बुडालेल्या पैशांतून आलेले असू शकतात. त्याने तक्रार केली की तुमचं खातं होल्डवर, आणि पगार आत अडकतो.

टेलिग्रामवरच्या ‘फिक्स टिप’चा हिशेब तर शाळकरी आहे. ८०० जणांपैकी निम्म्यांना सांगायचं ‘अ’ जिंकेल, निम्म्यांना ‘ब’. तीन सामन्यांनंतर १०० जण असे उरतात ज्यांना तिन्ही टिपा खऱ्या मिळाल्या. त्यांच्याकडून चौथ्या टिपेचे दोन-दोन हजार घेतले की झाले दोन लाख. टेनिसमधलं काही कळायची गरजच नाही.

आणि ‘आता निकाल लागलाच’ म्हणून लावणाऱ्यांनी २०२५ची अंतिम लढत आठवावी. यानिक सिनर दोन सेट विरुद्ध एक असा पुढे, चौथ्यात ५-३, कार्लोस अल्काराझची सर्व्हिस आणि ०-४०. विजेतेपदाचे तीन गुण सिनरच्या हातात होते. जिंकला अल्काराझ, ५ तास २९ मिनिटांनी. अशा वेळी १.०२ च्या भावाने दहा हजार लावणारा दोनशे रुपयांसाठी दहा हजार घालवतो. शिवाय मोबाइलवरचं चित्र काही सेकंद मागे असतं. तुम्ही बटण दाबता तोवर गुण संपलेला असतो आणि भाव बदललेला. दुखापतीने कुणी सामना सोडला, की नियमही आयडीवाल्याच्या सोयीने: तुम्ही जिंकत असाल तर बेट रद्द, हरत असाल तर पक्की.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा, सायबर पोलिसांत जा. प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर म्हणजे व्यवहार क्रमांक, क्यूआरचा फोटो आणि चॅट जपा. चॅट पलीकडून पुसलं जातं, म्हणून स्क्रीनशॉट आधी. ‘आपणच सट्टा खेळलो, पोलिसांना काय सांगणार’ म्हणून बहुतेक जण गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसा चार खाती पुढे सरकतो. केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. जाहिरात करणारा आणि पैसे फिरवणाराही त्यात येतो, नुसत्या खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा नाही. टपरीवरच्या त्या कमिशनवाल्या पोराला हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं.