मोबाइलच्या नकाशावर पायी ठाणे : एका ॲपचे परीक्षण

रस्ता दाखवणाऱ्या ॲपची पारख बहुतेक जण गाडीत बसून करतात. मी हे ॲप ठाण्यात केवळ पायी चालण्यासाठी वापरले आणि नौपाडा व घोडबंदर रोड या दोन भागांत त्याचा अनुभव इतका वेगळा आला की गुणही वेगवेगळेच द्यावे लागत आहेत.

नौपाड्यात तक्रारीला जागा नाही. गोखले रोड आणि राम मारुती रोड यांना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या असल्यामुळे एखादे वळण चुकले तरी पुढच्या गल्लीतून वाट निघते.

घोडबंदर रोडवरच्या वाघबीळ, कासारवडवलीकडे मात्र गृहसंकुले मोठमोठ्या भूखंडांवर उभी राहिली; बहुतेकांनी आपल्यापुरता अंतर्गत रस्ता केला आणि तो कुंपणाशी संपवला, त्यामुळे शेजारच्या संकुलात जायचे तरी हमरस्ता गाठावा लागतो. मैत्रिणीच्या बाल्कनीतून दिसणारे, जेमतेम २०० मीटरवरचे औषधांचे दुकान ॲपने सव्वा किलोमीटर दूर दाखवले, आणि ते खरेच होते. एवढ्या वळशाला लोक सरळ रिक्षा करतात, यात नवल नाही.

हा वळसा ॲपच्या माथी मारता येणार नाही. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०२० मध्ये ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या आधारे जगभरच्या रस्त्यांचे मोजमाप प्रसिद्ध केले. चौकात किती रस्ते मिळतात, किती रस्ते मध्येच संपतात, सरळ अंतराच्या तुलनेत वळसा किती पडतो, हे त्यांनी पाहिले. १९७५ पासून नव्या वस्त्यांमधले रस्ते जगभर अधिकाधिक तुटक होत गेल्याचे त्यातून दिसले. इमारतींचा पुनर्विकास होतो. एकदा आखलेले रस्ते सहसा तसेच राहतात.

ॲपचा स्वतःचा दोष वेगळा आहे. खासगी गेट आणि सार्वजनिक वाट यांतला फरक त्याला कळत नाही. त्याने सुचवलेल्या जवळच्या वाटेने गेले, तर संकुलाच्या मागच्या गेटला साखळी आणि कुलूप, आतून सुरक्षारक्षक म्हणाला, “मॅडम, हे गेट फक्त मेंबर लोकांसाठी आहे, पुढून जा.” शिवाय घोडबंदर रोड ओलांडण्यासाठी ताटकळावे लागते, तो वेळ ॲपच्या हिशेबात दिसत नाही.

नौपाड्यासाठी पाचपैकी साडेचार, घोडबंदर रोडसाठी अडीच. चूक कळवण्याची सोय ॲपमध्ये आहे; मी कळवल्यावर पोचही तत्परतेने आली, नकाशातले ते गेट मात्र अजून उघडेच आहे.