घरचं सीएपीडी: आठ महिने आणि एक गढूळ पिशवी

ह्यांचं मशीनवरचं डायलिसिस थांबवून पोटाचं, म्हणजे सीएपीडी, सुरू केलं ते एप्रिलमध्ये. फिस्टुला, म्हणजे मशीनसाठी हातात जोडून केलेली शीर, दोनदा बंद पडला होता, मशीनवर तिसऱ्या तासाला बीपी धाडकन खाली यायचं, वर भांडुप ते परळ आठवड्याला तीन खेपा. डॉक्टरांना विचारलं, घरी करणार कोण? म्हणाले, तुम्हीच.

पोटात कॅथेटर, म्हणजे मऊ नळी, बसवलं, दोन आठवडे जखम भरू दिली, मग नर्सने शिकवलं. दिवसातून तीनदा पिशवीतलं दोन लिटर डायलिसिसचं पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, काढून टाकायचं आणि किती गेलं, किती आलं ते वहीत लिहायचं. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. मास्क, स्वच्छ हात, खिडक्या बंद, पंखाही बंद. मे महिन्यात हे काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको.

जागेबद्दल मात्र आम्हाला आधी कुणी बोललं नाही. महिन्याच्या 90 पिशव्या म्हणजे 180 लिटर पाणी, आमचं वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवाणाखाली खोकी, कपाटावर खोकी. जुलैच्या पावसात माल चार दिवस उशिरा आला, तेव्हापासून आठवड्याच्या पिशव्या जास्तीच्या ठेवते.

फायदा खरा आहे. बीपी आता असं कोसळत नाही, मशीननंतरचा तो गळून जाण्याचा दिवस गेला, हे पुन्हा दुकानात बसतात. पूर्वी केळं म्हणजे विष होतं. आता पोटॅशियम कमी आलं म्हणून डॉक्टरांनीच केळं खायला सांगितलं. पण पाण्यातून प्रथिनंही निघून जातात, म्हणून रोज अंड्याचा पांढरा भाग. श्रावणातसुद्धा. सासूबाईंनी त्यासाठी वेगळं पातेलं काढून दिलं आणि विषय मिटवला. पाण्यात साखर असते, त्यामुळे ह्यांचं इन्सुलिन मात्र वाढलं.

पाचव्या महिन्यात गणपती आले. घरात पाहुणे, माझी घाई. हात नीट धुतले होते की नाही, आज छातीठोक सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं. निघालेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं वाचून बघायला शिकवलं होतं. मथळासुद्धा दिसेना. तीच पिशवी घेऊन हॉस्पिटल गाठलं. पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, म्हणजे पेरिटोनायटिस, पोटाच्या आतल्या पडद्याचं इन्फेक्शन. दोन आठवडे पिशवीतूनच अँटिबायोटिक दिलं. कॅथेटर वाचलं, काढावं लागलं असतं तर पुन्हा मशीन.

खर्च: आम्हाला पिशव्यांचेच महिन्याला 27 हजारांच्या आसपास पडतात, हिमोग्लोबिनचं इंजेक्शन आणि तपासण्या वेगळ्या. त्या महिन्यात जवळजवळ दुप्पट गेले. मशीनचं डायलिसिस आमचं महात्मा फुले योजनेत होत होतं. हे सगळं खिशातून. दुकान उघडं आहे म्हणून जमतं.

ज्यांच्या घरी हात धुऊन शांतपणे बसणारं एक माणूस नाही, त्यांनी मी सांगितलं म्हणून हे घेऊ नये.

ह्यांचं नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयवदानातली किडनी वाटून देणाऱ्या केंद्राच्या, प्रतीक्षायादीत आहे. मला मधुमेह, त्यामुळे माझी किडनी ह्यांना देता येत नाही. एरवी अनोळखी नंबर दिसला की मी धावत फोन घेते. पोटात इन्फेक्शन असताना किडनी मिळाली तरी बसवता येत नाही. त्या दोन आठवड्यांत फोन वाजला की धडकी भरायची.