स्वतःहून परतलेला आणि धरून आणलेला
१९६३च्या ब्रिटिश रेल्वे दरोड्यातला रॉनी बिग्ज १९६५मध्ये तुरुंगातून पळाला, पुढे ब्राझीलमध्ये राहिला आणि २००१मध्ये आजारपणात स्वतःहून मायदेशी आला. सवलत काहीच नाही. उतरताच अटक झाली, २००९मध्ये सुटका झाली तीही प्रकृती ढासळल्यामुळे.

१९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२मध्ये पोर्तुगालमध्ये, लिस्बनला पकडला गेला. २००५मध्ये त्याचं प्रत्यार्पण झालं, म्हणजे पोर्तुगालने त्याला भारताच्या हवाली केलं, पण त्यासाठी भारताला हमी द्यावी लागली: फाशी नाही, २५ वर्षांहून जास्त कैद नाही. जन्मठेप होऊनही २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा मानली. मुंबई स्फोटांत माणसं गमावलेल्यांना हे किती बोचत असेल!

तरीही गुन्हेगार स्वतःहून परतण्याची वाट पाहण्यापेक्षा मला प्रत्यार्पणच बरं वाटतं. बिग्ज परतेपर्यंत दरोड्यात जखमी झालेला इंजिनचालक कधीच वारला होता.